बारावी सुई

"आधी सुया मोजा, मंग घरी जा." खालांनी हे म्हटलं नाही असा एकही दिवस मला आठवत नाही. म्हणताना त्यांचा अंगठा चार बोटांच्या बारा पेरांवरून सावकाश सरकत असायचा. शेवटच्या पेरावर पोचला की त्यांचा श्वास सुटायचा आणि आम्हाला चपला घालायची परवानगी मिळायची.

ऐंशीच्या दशकातली गोष्ट. मी धावड्याहून लग्न होऊन भोकरदनला नुकतीच आले होते. गावातल्या महिला मंडळानं बालवाडीसाठी नव्या पद्धतीची गोधडी शिवायचं ठरवलं. जुन्या लुगड्यांचे तुकडे जमतील तसे जोडायचे नाहीत. नवं कापड, कागदावर आखलेले चौकोन, दर चौकोनात एक चांदणी. बारा बायका, बारा चौकोन. शिकवायला खाला. त्यांचं खरं नाव कुणी घेत नसे. हिंदू-मुसलमान सगळ्यांच्याच त्या खाला, म्हणजे मावशी.

मला शिवणाचा गंध नव्हता. आपला चौकोन वाकडा गेला तर साऱ्या गोधडीचा विचका होईल, या धास्तीनं मी सारखी शेजारणीच्या चौकोनाकडे बघायचे.

"जल्दी न्हाई बेटा, बराबर पाह्यजे," म्हणत खाला माझे टाके उसवून द्यायच्या.

तुम्हीही अशी माणसं पाहिली असतील. कुलूप लावून चार पावलं जातात आणि परत येऊन ओढून बघतात. खाला त्यांतल्याच. लाल फडक्याला टोचून बारा सुया आणायच्या, बारा परत न्यायच्या. सुई पदराला टोचायची नाही, हा सक्त नियम. आम्ही पाठीमागे हसायचो. एकदा एकीनं विचारलंच, "खाला, सुया हायेत का सोन्याच्या बांगड्या?"

"माझ्या पोरीच्या टाचेत गेल्ती," खाला म्हणाल्या. "मीच शिवलेल्या गोधडीतली. अजून लंगडून राह्यली ती."

त्यानंतर कुणी हसलं नाही.

गोधडी पुरी झाली त्या दिवशी खालांचा अंगठा अकराव्या पेरावर थांबला. पुन्हा मोजलं. अकराच. सतरंजी झटकली, पिशव्या उलट्या केल्या, कुणीतरी लोहचुंबक आणून फिरवला. दुसऱ्या दिवशी गोधडी बालवाडीत जायची होती.

"न्हाई जायची," खाला म्हणाल्या. "तिच्यावर लेकरं निजतील." आणि सगळ्यांसमोर त्यांनी पहिला टाका कापला.

घरी येऊन साडी बदलायला गेले तर सुई माझ्या पदरात! चहा आला तेव्हा मीच गडबडीत टोचली होती. सांगितलं तर बायका काय म्हणतील? सासूबाई पुन्हा जाऊ देतील का? आणि खालांना तोंड कसं दाखवू?

सकाळी गेले तेव्हा खाला एकट्याच बसल्या होत्या. तीन चौकोन उसवून झाले होते. मी शेजारी बसले, थोडा वेळ टाके कापले आणि नजर चुकवून सुई त्या घड्यांत सोडली.

"सापडली, खाला!"

त्यांनी सुई उजेडात धरली. मग माझ्याकडे पाहिलं. "बरं झालं," एवढंच म्हणाल्या. मला वाटलं, सुटले.

पण त्यांनी कात्री पुन्हा उचलली आणि उरलेले नऊ चौकोनही उसवले. बायका वैतागल्या. गोधडी पुन्हा शिवून बालवाडीत जायला पंधरवडा लागला. त्यानंतरही दर दोन-तीन महिन्यांनी खाला तिथं जाऊन तळहातानं गोधडी चाचपून येत. म्हातारीला चळ लागलाय, असं लोक म्हणत. मी ते ऐकून घेत होते, याची आजही लाज वाटते.

बऱ्याच वर्षांनी खाला लेकीकडे तीर्थपुरीला कायमच्या निघाल्या. डोळ्यांनी फार कमी दिसत होतं. मी स्टँडवर पोचवायला गेले. लेक लंगडत पुढं होऊन एसटीत जागा धरायला चढली, तेव्हा खालांनी माझं मनगट पकडलं.

"एक विचारू का बेटा? तू सुई काढली ती घडी मी तू यायच्या आधीच तपासली व्हती. तिथं काईच नव्हतं."

मी हातातली त्यांची पिशवी खाली ठेवली.

"घरून आणली, हे कळलं मला. पण हरवली तीच आणली, का माझ्या समाधानासाठी दुसरी, हे कसं कळावं? म्हणून समदी उसवली. त्यात डोळे तवाच अधू झालते, उसवतानाबी नजरेतून सुटली असंल तर? लेकरं निजायची तिच्यावर... भ्या वाटायचं."

"तवाच का न्हाई विचारलं?"

"विचारलं असतं, तर तू पुन्हा आली असती का?"

मला रडू फुटलं. "तीच व्हती, खाला. म्याच पदराला टोचली व्हती."

त्यांनी माझं मनगट सोडलं नाही. लेकीनं हाक मारली तेव्हा कुठं चढल्या. खिडकीतून पुन्हा विचारलं, "बिलकुल तीच?"

"बिलकुल तीच."

त्यानंतर खाला मला भेटल्या नाहीत. गाडी वळेपर्यंत त्यांचा हात खिडकीबाहेर दिसत होता. अंगठा पेरांवरून सावकाश सरकत होता. तो शेवटच्या पेराला टेकला, आणि मग त्यांनी हात आत घेतला.