अभनपूरचा अकरा सेकंदांचा सूर

"सूनबाईले काय विचारतो रे? तिले गिटार अन् तंबोरा एकच."

हे वाक्य माझ्या कानांसाठी नव्हतं. मी जिन्यात होते, वरून तिसऱ्या पायरीवर, हातात तीन कप चहाचा ट्रे. बोलले ते मोघे काका, सिंचन विभागातून रिटायर झालेले. त्यांचं मी मनावर घेतलं नसतं. पण त्यावर माझा नवरा, निखिल, ज्याच्याशी लग्न होऊन पुरते चार महिनेही झाले नव्हते, तो म्हणाला, "हव."

एवढंच. हव, म्हणजे हो.

आता तुम्ही म्हणाल, यात एवढं लागण्यासारखं काय? चहा ठेवायचा आणि खाली यायचं. मीही चार महिने तेच करत होते. मी मुळात कमी बोलते. माहेरी म्हणायचे, हिच्याकडून दोन वाक्यं हवी असतील तर अर्ज द्यावा लागतो. पण त्या दिवशी मी तोंड उघडलं, आणि उघडलं तेही अर्धंच. पूर्ण उघडलं असतं तर चाललं असतं, बंद ठेवलं असतं तर फारच उत्तम. अर्ध्या तोंडाने काय होतं ते ऐका.

आमच्या रायपूरच्या ब्राह्मणपाऱ्यातल्या घरी दर रविवारी दुपारी चारला वरच्या खोलीत एक मंडळ भरतं. सभासद तीन. मोघे काका, गल्लीत मिक्सर-पंखे दुरुस्त करणारे देवांगन भैया, आणि निखिल. मंडळाचं दैवत एकच, रॉबिन भैया. हे रेल्वे कॉलनीतले. पोटासाठी ऑर्केस्ट्रात गिटारवर सिनेमाची गाणी वाजवायचे, आणि गायिका चहा प्यायला स्टेजवरून उतरली की तेवढ्या फटीत ब्लूज, म्हणजे ते अमेरिकेतलं आर्त संगीत, सुरू करायचे. काही वर्षांपूर्वी गेले. रायपूरबाहेर त्यांचं नाव कुणाला माहीत नाही, आणि रायपुरात या तिघांना जरा जास्तच माहीत आहे.

म्हणजे किती? रॉबिन भैया बोटात काचेची नळी घालून तारांवर घसरवायचे. ती नळी खोकल्याच्या औषधाच्या बाटलीची होती की गुलाबपाण्याच्या, यावर दोन रविवार गेले. गिटारचा पट्टा रेल्वेच्या गार्डाच्या बॅगेचा होता हे ठरायला तिसरा. मी चहा नेत होते आणि कप गोळा करत होते.

पण खरा वाद कॅसेटचा. देवांगन भैयांच्या मोठ्या भावाने रायपूरजवळच्या अभनपूरच्या गणपतीत, गर्दीत उभं राहून भरलेली. रॉबिन भैयांचं स्टेजवरचं वाजवणं उरलंय ते तेवढंच. त्यात एका जागी एक सूर येतो. चढतो, चढतच राहतो, थरथरतो, अकरा सेकंद. मग 'ठप्प' असा आवाज होतो, सूर तुटतो, आणि मागून गिटारचा एक छोटासा खेळकर तुकडा येतो. त्या तुकड्याशी कुणाला काही देणंघेणं नाही. सगळ्यांचा जीव त्या अकरा सेकंदांत.

'ठप्प' आलं की काका बोट वर करायचे. "हे पाह्य. इथं पेडल सोडला." पेडल म्हणजे पायाने दाबून गिटारचा आवाज बदलायचं यंत्र; त्यांचं मत, ते परदेशी होतं, सुटकेसमधून लपवून आणलेलं.

देवांगन भैया मान हलवायचे. "पेडल-वेडल कुछ नहीं, काका. स्पीकर का परदा फटा था."

आणि निखिल डोळे मिटून म्हणायचा, "गिटार माणसासारखी रडून राहिली."

निखिलचं दुखणं वेगळं होतं. रॉबिन भैयांच्या आठवणीत शंकर नगरच्या एका हॉलमध्ये कार्यक्रम ठरला होता आणि तिथे कॅसेटवरचं ते सगळं, त्या सुरासकट, निखिल वाजवणार होता. दिवसभर ऑफिस, संध्याकाळी तो सूर. दोन सेकंद टिकायचा आणि मरायचा. जेवताना उजव्या हातात घास धरून डाव्या हाताची बोटं ताटाच्या कडेवर थरथरवायचा. मागचा तो छोटा तुकडा मात्र रोज बोटं मोकळी करायला सहज वाजवून टाकायचा, कॅसेटहून गोड. त्याला तो वाजवण्यात धरतच नव्हता.

एका रविवारी कप गोळा करताना ती कॅसेट मी पहिल्यांदा नीट ऐकली. तो सूर मी ओळखला.

ती मी होते.

थांबा, सांगते. माझे बाबा अभनपूरला माइकसेट भाड्याने द्यायचे. लग्न, भागवत, गणपती, सगळीकडे त्यांचेच भोंगे. त्या वर्षी मी चार वर्षांची. गप्प बसावं म्हणून बाबांनी मला स्टेजच्या कडेला माइकसेटच्या आवाज वाढवणाऱ्या मशीनशेजारी बसवलं आणि हातात जिलेबी दिली. शेजारी निवेदकाचा माइक पडलेला, चालू. गिटारवाले काका वाजवता वाजवता माझ्यापर्यंत आले, थांबले, खाली वाकले आणि माझी जिलेबी उचलून तोंडात टाकली.

मी गळा काढला. चार भोंग्यांतून अख्ख्या अभनपूरने ऐकला. आईने स्टेजवर चढून पाठीत धपाटा घातला, तोच मोघे काकांचा पेडलवाला 'ठप्प'. आणि त्यानंतर, जिलेबी गिळता गिळता, त्या माणसाने माझंच रडणं गिटारवर वाजवून मला परत ऐकवलं. मी चकित होऊन गप्प झाले म्हणे. आई ही गोष्ट दर गणपतीत सांगते, पण आमच्या घरी त्या माणसाचं नाव 'जिलेबीचोर काका'. ते म्हणजे रॉबिन भैया, हे मला कुठून कळणार?

म्हणजे बघा. ज्या अकरा सेकंदांसाठी हे तिघे चपला काढून बसतात, त्यांत दैवताची गिटार बंद होती आणि तोंड भरलेलं होतं. निखिलचं बरोबरच होतं. माणसासारखी रडत होती, कारण माणूसच रडत होतं. आयुष्यात मी एकदाच सुरात लागले, ते तेव्हा.

सांगून टाकायला हवं होतं ना? पण कॅसेट संपली तेव्हा निखिलच्या डोळ्यांत पाणी होतं. चार महिन्यांच्या नवऱ्याला कसं सांगावं की तू ज्याच्यासाठी रडतोस तो माझा शेंबूड आहे? मी कप घेऊन खाली आले.

आणि पुढच्याच रविवारी जिन्यात ते ऐकलं. तंबोरा. आणि हव.

मी आत गेले, ट्रे ठेवला आणि म्हटलं, "अभनपूरच्या त्या गणपतीतला माइकसेट माझ्या बाबांचा होता."

काकांचा कप ओठांजवळ थांबला. देवांगन भैयांनी स्वतःची खुर्ची उचलून माझ्या मागे ठेवली. "बैठिए भाभी." निखिल माझ्याकडे असा बघत होता, जसा तो आमच्या लग्नातही बघत नव्हता. त्या खोलीत मला पहिल्यांदा खुर्ची मिळाली होती. इतकं बरं वाटलं की उरलेलं अर्धं मी चहाबरोबर गिळून टाकलं.

सुराचं गुपित त्या माइकसेटच्या मशीनमध्येच असणार, असं तिघांनी ठरवलं आणि पुढच्या रविवारी देवांगन भैयांच्या व्हॅनमधून आम्ही अभनपूरला. मशीन सापडली स्वयंपाकघरात, तिच्यावर कांद्यांची टोपली. काकांनी हात जोडले. बाबा आधी म्हणत होते की ही कधीची बंद आहे, भंगारात द्यायची राहिली. काकांचे जोडलेले हात पाहिले आणि त्यांचा सूर बदलला.

"यात मी तारांची स्पेशल वायंडिंग केली होती, जावईबापू. या हातानं."

काका डायरीत लिहून घेऊ लागले. मी बाबांकडे बघितलं. बाबा भिंतीवरच्या कॅलेंडरकडे बघत होते. तेवढ्यात आई पोहे घेऊन आली. "गणपतीतला प्रोग्राम काय? अगंबाई, त्या दिवशी तर आमच्या पोट्टीनं…"

"आई, मीठ कमी आहे," मी म्हटलं. पोहे अजून ताटलीतही पडले नव्हते. आईने माझ्याकडे एक नजर टाकली आणि मीठ आणायला गेली.

परतताना मशीन आईच्या शालीत गुंडाळून माझ्या मांडीवर दिली. खड्डा आला की तिघेही मागे वळून विचारायचे, ठीक आहे ना? माझ्या पाठवणीच्या वेळी एवढी काळजी कुणी केली नव्हती.

आठवडाभर खपून देवांगन भैयांनी ती चालू केली. कार्यक्रमाच्या आधीच्या रविवारी आमच्याकडे चाचणी ठरली. बाबांचा शाल-श्रीफळ देऊन सत्कार करायचा म्हणून त्यांना आणि आईला बोलावलं. देवांगन भैयांनी येताना काय आणावं? जिलेबी.

सत्कार झाला. बाबा दोन शब्दही बोलले, त्यातला एकही खरा नव्हता. मग मशीन सुरू केली. ती घूं करू लागली, आणि तापली तसा खोलीत कांद्याचा वास पसरला. निखिलने सूर लावला. दोन सेकंद. पुन्हा लावला. दोन सेकंद. बाबांनी एक बटण फिरवून पाहिलं, म्हणाले, थोडी गरम होऊ द्या. पाच वेळा झालं, सहा वेळा झालं.

"मशीन तर तीच आहे…" काका म्हणाले. मशीन तीच, म्हणजे कमी कुणात ते सगळ्यांना कळलं.

निखिलने गिटार पिशवीत ठेवली आणि चेन लावली. "मले नाही जमत. शंकर नगरले फोन करून सांगतो, दुसरं कोणी पाहा." तो रागावला असता तर मला सोपं गेलं असतं. तो शांतपणे म्हणाला.

काकांनी शेवटची आशा म्हणून माझ्याकडे मान वळवली. "सूनबाई, तुमच्या बाबांनी आणखी काही जोडलं होतं काय? आठवून पाहा."

बाबा नारळाच्या शेंडीत काहीतरी शोधू लागले. आई माझ्या हातातल्या जिलेबीकडे बघत होती.

मी निखिलला म्हटलं, तू रोज बोटं मोकळी करायला जे वाजवतोस, कॅसेटच्या त्या जागी रॉबिन भैयांची गिटार फक्त तेवढीच आहे, आणि ती तुझ्या हातात केव्हाची आली आहे. त्याला काही कळलं नाही. कसं कळणार? उरलेलं अर्धं तोंड उघडणं भाग होतं. मी जिलेबी काकांपुढे धरली.

"काका, तो सूर ऐकायचा असेल तर आधी ही माझ्या हातातून हिसकावून घ्या, आणि आईला माझ्या मागे उभी करा. अकरा सेकंद रडत होते ती मी. पेडल आईच्या हातात आहे."