मनोहरने कापलेले पाते

मनोहर गेल्याची बातमी पाचपावलीहून सायकलवर आली. कचेरीत पाने लावण्याचे काम चालू होते, तेव्हा खाली कोणी भेटायला आल्याचा निरोप शिपायाने मला दिला. खाली मनोहरचे थोरले भाऊ नामदेवराव सायकलचे हँडल धरून उभे होते. वर्तमानपत्राच्या कचेरीत ते कधी आले नव्हते, आणि जिन्याच्या पायऱ्या चढण्याचा त्यांचा विचारही दिसला नाही. "मनोहर गेला," ते म्हणाले. "सकाळी चहा पिऊन राहिला होता..." मग, मी कागद शोधत असेन असे वाटून की काय, म्हणाले, "छापाले नाही आलो गा. तुले सांगाले आलो."

या गोष्टीला आता काही आठवडे झाले. मनोहर माझा शाळेपासूनचा मित्र. त्याचे घर विणकरांचे; वडील गेल्यावर नामदेवरावांनी माग धरला आणि मनोहरने धरला नाही. तो एका कारखान्याच्या दुरुस्ती विभागात फिटर झाला आणि शेवटपर्यंत तिथेच होता. त्याच्याविषयी सांगण्यासारखी पहिली गोष्ट म्हणजे त्याचा चौकसपणा. पंखा बंद पडला की लोक पंखा चालू होण्याची वाट पाहतात. मनोहरला तो का थांबला हे कळेपर्यंत चालू झालेला पंखाही पुरत नसे. निकामी झालेली हातड्रिले आणि हातग्राइंडर तो भंगारवाल्याकडून उचलून आणी. एखाद्याची मोटर जळालेली, पण आतली दातेरी चाके शाबूत. दुसऱ्याचे दाते झिजलेले, पण मोटर ठणठणीत. "हे मेलं नाही," तो म्हणायचा. "याचं एक अंग गेलं फक्त." मग दोघांची चांगली अंगे एकत्र येत आणि त्यातून काहीतरी तिसरेच उभे राहत असे.

घरामागच्या पत्र्याच्या शेडमध्ये त्याने अशाच तुकड्यांतून एक मिलिंग मशीन जमवले होते. खांब जुन्या ड्रिल मशीनचा, सरकते टेबल मोडीत निघालेल्या लेथचे. टेबलावर लोखंड घट्ट बसवायचे, वर कटर फिरत राहतो, आणि हाताने चाक फिरवून टेबल कटरखालून हळूहळू सरकवायचे, की लोखंडाचा पातळ थर निघून जातो. यंत्र लहान होते. वीतभर लांबीपलीकडे त्याचे टेबल सरकत नसे. मनोहरला त्याची खंत नव्हती. वीतभरात मावतील अशा वस्तू जगात पुष्कळ आहेत, असे त्याचे मत होते.

सत्तरच्या दशकात, एका पावसाळ्याच्या अखेरीस, त्याला वीतभरात न मावणारी वस्तू हवी झाली. नामदेवरावांच्या मागावर किनारीसाठी डॉबी होती. डॉबी म्हणजे मागाच्या डोक्यावर बसवलेली पेटी. तिच्यात लोखंडी आकड्यांची रांग असते. पायाने पावडी दाबली की एक लांब पाते वर जाते, ठरलेले आकडे उचलते, आकड्यांबरोबर किनारीचे धागे उचलले जातात आणि लुगड्याच्या काठावर नक्षी उतरते. ते पाते झिजून वाकले होते. आकडे निसटत, नक्षीत पोकळ्या पडत, आणि व्यापारी लुगडी परत पाठवू लागला होता. डॉबी बनवणारा कारखाना कधीच बंद झाला होता. त्याच सुमारास नामदेवरावांच्या साडूने कुही या आपल्या गावाहून निरोप धाडला, की किराणा दुकान एकट्याला झेपत नाही, बिऱ्हाड घेऊन या. नामदेवरावांनी दिवाळीनंतर येतो असे कळवूनही टाकले. मनोहरला हे वहिनीकडून समजले. तो भावाकडे गेला तेव्हा मीही सोबत होतो. भाऊ मागाच्या खड्ड्यात पाय सोडून नुसतेच बसले होते.

"काहून चालला तू कुहीले?" मनोहरने विचारले.

"इथं बसून काय करू? आकडे मोजू?"

"पातं मी करून देतो."

नामदेवराव हसले. "तुझी मशीन वीतभराची अन् पातं हातभराच्या वर. दोन तुकड्यात देशील का?"

हे बोलणे थट्टेचे होते, पण मनोहर त्या दिवसापासून दुसरे काही बोलेनासा झाला. भाऊ कुहीला गेला तर घरातला माग विकला जाईल, आणि तो माग आपण सोडल्यामुळेच भावाला एकट्याने ओढावा लागला, हे त्याने कधी बोलून दाखवले नाही. तो बोलत होता ते टेबलाविषयी. टेबल लांब करायचे तर खालचा स्क्रू लांब हवा. आमच्या छापखान्यात पुस्तके दाबून बांधायचे एक जुने यंत्र भंगारात निघाले होते. त्याचा जाड आट्यांचा लांब स्क्रू त्याने मागून नेला. पण एवढ्या लांबीवर हाताने चाक फिरवले तर हात कुठे घाई करतो, कुठे दमतो, आणि त्याच्या लाटा लोखंडावर उमटतात. म्हणून चाक फिरवायचे काम त्याने एका फुटक्या हातड्रिलच्या मोटरला दिले. मोटर टेबलाच्या शेजारी मावेना, तेव्हा हातग्राइंडरचे डोके कापून त्यातली काटकोनात फिरणारी दातेरी चाके मध्ये बसवली आणि मोटर उभी केली. मोटरच्या दोन तारांची अदलाबदल करणारा खटका लावला, म्हणजे टेबल जाईल तसे परतही येईल.

तरीही वेग फार होता. यावर त्याने काढलेला उपाय मला आजही नवलाचा वाटतो. मोटरच्या वाटेत त्याने साधा घरगुती बल्ब जोडला. बल्ब वाटेतली वीज अडवी आणि मोटर संथ चाले. पण गंमत पुढे होती. कटरला लोखंड जड गेले, टेबल अडू लागले, की मोटर जास्त वीज ओढी आणि बल्ब उजळे. काम सोपे झाले की मंद होई. मनोहर कटरकडे पाहतच नसे. बल्बकडे पाहत बसे. "मशीन बोलून राहिली," तो म्हणायचा. मला त्याने शेडमध्ये बोलावून हे दाखवले तेव्हा त्याच्या चेहऱ्यावर भावाच्या स्थलांतराची काळजी अजिबात नव्हती. बल्ब उजळतो, मंदावतो, एवढेच जग उरले होते.

पाते कापण्याच्या दिवशी नामदेवरावही आले. ते त्या शेडमध्ये क्वचितच येत. चांगल्या पोलादाची तशी पट्टी एकच मिळाली होती. टेबल संथपणे गेले, धार सरळ निघाली. टोकाला मनोहरने कटर वर उचलला, टेबल रिकामे परत आणले, कटर खाली घेतला आणि पुन्हा सुरुवात केली. असे काही वेळा झाल्यावर नामदेवराव म्हणाले, "येताना कापत नाही का ते?"

"येताना रिकामं येते."

"धोटा मी एका बाजूनं भरलेला फेकतो अन् दुसऱ्या बाजूनं रिकामा, असं होते का?"

विणकराच्या घरात वाढलेल्या कोणालाही हे पटले असते. धोटा जातानाही धागा टाकतो, येतानाही टाकतो. रिकामी फेरी त्या घरात आळस समजली जाते. मनोहर फिटर होता, पण हे ऐकताना तो विणकरच होता. या वेळी त्याने कटर उचललाच नाही. खटका उलटा केला आणि टेबल कापतच परत येऊ लागले. बल्ब मंद झाला. काम हलके जात आहे, असा त्याने त्याचा अर्थ घेतला. खरा अर्थ वेगळा होता. परतीच्या फेरीत कटरचे दात टेबल ज्या दिशेने जाते त्याच दिशेने फिरत होते. मोटरला ढकलावे लागत नव्हते, कारण कटरच पट्टी ओढत होता. आणि छापखान्यातल्या त्या स्क्रूचे आटे ढिले होते; ओढले जाणारे टेबल त्यांना धरून ठेवता येत नव्हते. एक कडक आवाज झाला, पट्टी पुढे खेचली गेली, आणि मधोमध धारेत बोटाच्या पेराएवढी खोक पडली.

मनोहरने खटका बंद केला. नामदेवराव म्हणाले, "माह्या बोलण्यानं झालं." मनोहर म्हणाला, "नाही. मी बल्ब उलटा वाचला." मग त्याने खोक पितळ वितळवून भरली, कानशीने घासून धारेशी एक केली, आणि बाकीचे काम जाताना कापत, येताना रिकामे, असे पुरे केले. पाते डॉबीत बसले. आकडे उचलले गेले. किनार निघाली, व्यापाऱ्याने लुगडी ठेवून घेतली, आणि नामदेवराव दिवाळीनंतर कुहीला गेले नाहीत. पुढच्या वर्षांत मनोहर भेटला की भावाला विचारी, "पातं बरोबर आहे ना?" आणि नामदेवराव म्हणत, "चालून राहिलं." या संभाषणात कधी फरक पडल्याचे आठवत नाही.

मनोहरच्या तेराव्यानंतर मी पाचपावलीला गेलो. साडूने कुहीहून पुन्हा निरोप पाठवला असल्याचे वहिनींनी दारातच सांगितले. आता भाऊ नाही, मुले नोकरीला लागली, इथे कोणासाठी राहता, असे त्याचे म्हणणे होते. वहिनी धोट्यात घालायच्या धाग्याच्या कांड्या भरत होत्या. नामदेवराव विणत होते. पाहता पाहता एक गोष्ट लक्षात आली. त्यांचा उजवा पाय पावडी दाबत होता, पण डावा पाय पावडीवर नसतानाही त्याचा अंगठा मधूनमधून खाली जात होता. वाकून पाहिले. अंगठ्याला दोरी होती. ती मागाच्या मागून, धाग्यांच्या गर्दीतून वर डॉबीपर्यंत गेली होती.

"पितळ नरम पडते," नामदेवराव म्हणाले. "वर्षभरातच झिजलं. मधला आकडा निसटाले लागला. मंग मी त्याले पायानं उचलतो."

"मनोहरला सांगितलं नाहीत?"

"सांगतलं असतं त त्यानं पातं काढलं असतं. माग थांबला असता... थांबलेल्या मागापुढं मी एकदा बसलो होतो. पुन्हा बसलो असतो त गेलोच असतो कुहीले."

मी दोरी कुठून वळते ते पाहायला मागे गेलो. खांबाला जिथे ती घासली गेली असती तिथे एक लहान बॉल बेअरिंग स्क्रूने बसवलेले होते आणि दोरी त्यावरून फिरत होती. तसले बेअरिंग हातड्रिलच्या मोटरच्या टोकाला असते. ते कोणी बसवले, असे विचारले.

नामदेवरावांनी हात थांबवला. "दोरी घासून तुटून राहिली होती. एक दिवस बाजारातून आलो अन् खाली उतरलो, त हे चाक होतं. मी त्याले विचारलं नाही. त्यानं सांगतलं नाही."

"दोघंही तसलेच," वहिनी कांडीवरून नजर न काढता म्हणाल्या. "एकमेकाइले भीत होते."

म्हणजे त्यानंतरही मनोहर विचारत होता, पाते बरोबर आहे ना. आणि उत्तर मिळत होते, चालून राहिलं. त्याने नवे पाते का केले नाही, हे आता समजण्याचा मार्ग नाही. कदाचित त्यालाही थांबलेला माग नको होता... साडूला काय कळवणार, असे मी नामदेवरावांना विचारले. ते खड्ड्यातून वर आले, कोनाड्यातली तेलाची कुपी घेतली, मागे जाऊन बेअरिंगवर तेलाचे थेंब सोडले आणि बोटाने ते फिरवून पाहिले. मग पुन्हा खाली उतरून अंगठ्यात दोरी अडकवली.

"चांगलं फिरते अजून," ते म्हणाले, आणि धोटा सोडला.