ताई हातांवर बसली

माझी थोरली बहीण चित्रकलेची शिक्षिका होती, पण तिची लाल पेन्सिल शाळेपुरती कधीच नव्हती. कुणाच्याही घरी गेली की आधी भिंतीवरची तसबीर सरळ करायची आणि मग बसायची. माझ्या लग्नपत्रिकेवरच्या वेलीचं एक पान डावीकडे कललंय म्हणून तिने छापखाना डोक्यावर घेतला होता. माझ्या लेकीने, आमच्या चिमणीने, एकदा तिला मोठ्या हौसेने हत्ती दाखवला. "सोंड अशी नसते गं," म्हणत ताईने रबर घेतलं, सोंड पुसली आणि नवी काढली. सोंड झाली फर्मास, पण चिमणीने तो हत्ती तिथेच टेबलावर सोडला आणि ती निघून गेली. पुढे आत्या आली की चिमणी चित्रांचे कागद उशीखाली ढकलायला लागली.

हे ताईने पाहिलं. मला वाटलं होतं तिच्या लक्षात येणार नाही, पण निवृत्तीनंतर आम्ही सगळे तिला आराम कर म्हणत होतो, तेव्हा तिने जाहीर केलं की ती एक्स्प्रेसिव्ह आर्ट थेरपिस्ट होणार. म्हणजे ज्यांना मनातलं बोलता येत नाही, त्यांना रंग, माती, सूर, हालचाल यांतून मोकळं व्हायला मदत करणार.

मी पोट धरून हसलो. "अगं, तू खोलीत आलीस की बोलणारे गप्प होतात. मुक्यांना तू काय बोलतं करणार?"

"हस," ती म्हणाली. "जन्मभर मुलांचे हात वळवले. आता घरचंच लेकरू माझ्यापासून कागद लपवतं. मला नाही सोसत हे."

मग मी हसलो नाही.

तिचा वर्ग एका जुन्या व्यायामशाळेत भरायचा. चपला बाहेर, आत लाकडी जमीन, बिस्किटांच्या डब्यांत खडू, एका टोपलीत घंटा, खुळखुळे, डफ. बाकीचे विद्यार्थी तिच्या निम्म्या वयाचे, आणि शिकवणाऱ्या मॅडमही तिच्यापेक्षा बऱ्याच लहान. नियम ऐकूनच ताईला घाम फुटला. समोरच्याच्या चित्राला चूक म्हणायचं नाही, छानही म्हणायचं नाही. 'हे काय काढलंय?' असंही विचारायचं नाही. उत्तर द्यायचं ते दुसऱ्या कलेतून. त्याने चित्र काढलं तर आपण हालचाल करायची, नाहीतर सूर लावायचा, नाहीतर काहीतरी वाजवायचं. सुराच्या बाबतीत आमचं घराणं म्हणजे आनंदच. ताई गुणगुणायला लागली की शेजारी खिडकी लावून घेतात.

एकदा ती खट्टू होऊन घरी आली. "आज वारा व्हायचं होतं. मी झाले. मॅडम म्हणाल्या, तुमचा वारा फार शिस्तीत वाहतोय."

तरी ती टिकली. खरी परीक्षा आली ती प्रात्यक्षिकात, आजारातून उठलेल्यांच्या एका केंद्रात. तिच्या वाट्याला आले एक निवृत्त बसड्रायव्हर; केंद्रात सगळे त्यांना दादा म्हणत. (त्यांची गोष्ट सांगायला त्यांच्या घरून परवानगी आहे, नाहीतर ताईने माझी जीभ हासडली असती.) अर्धांगाच्या झटक्याने त्यांची वाचा गेली होती, उजवा हात लुळा पडला होता. दादांनी डाव्या हाताने खडू धरला, कागदावर भलामोठा गोल ओढत आणला आणि शेवट जुळायच्या आधीच थांबले. थोडी फट राहिली. जित्याची खोड! ताईचा हात शिवशिवला, तिने खडू उचलला आणि ती फट मिटवून टाकली. गोल पुरा झाला.

दादांनी खडू खाली ठेवला आणि खुर्ची खिडकीकडे वळवली.

"गोल त्यांचा होता," मॅडम नंतर म्हणाल्या. "आता तुमचा झाला. पुन्हा त्यांच्या कागदाला तुमचा हात लागला, तर मी तुम्हाला पास करणार नाही. आणि ते पुन्हा खडू धरतील की नाही, हे माझ्याही हातात नाही."

त्या दिवशी ताई माझ्या स्वयंपाकघरात बसून रडली. शाळेत तिने भल्याभल्यांना रडवलं होतं, तिला रडताना मी पहिल्यांदाच पाहत होतो. "पास-नापास गेलं खड्ड्यात," म्हणाली. "त्यांनी एकच गोष्ट सांगायला घेतली होती रे, आणि मी ती मध्येच तोडली."

पुढच्या प्रत्येक खेपेला ती दादांशेजारी, खिडकीकडे तोंड करून बसत राहिली. समजावणं नाही, गोड बोलणं नाही. मध्ये कोरा कागद असायचा आणि हातांना चाळा म्हणून मातीचा गोळा. बरेच दिवस काही घडलं नाही. मग एके दिवशी दादांची खुर्ची थोडी वळली.

शेवटच्या परीक्षेला मीच तिला गाडीने त्या केंद्रावर सोडलं, कारण ती इतकी घाबरली होती की भलत्याच दारात शिरली असती. बाहेरच्या बाकावर मी आणि ड्रायव्हरदादांच्या पत्नी, वहिनी. दाराला काच होती. सभ्य माणसं अशी डोकावत नाहीत, पण आम्ही दोघंही डोकावत होतो.

आत मॅडम आणि एक परीक्षक कोपऱ्यात बसले होते. दादांनी खडू उचलला. तोच मोठा गोल, आणि तीच फट. ताईकडे पाहिलं तर ती चक्क स्वतःच्या हातांवर बसली होती! दोन्ही तळवे मांड्यांखाली घट्ट दाबून, खोडी काढल्यावर मास्तरांनी बसवलेल्या पोरासारखी.

मग ती उठली. कागदाला शिवलीसुद्धा नाही. खोलीच्या कडेकडेने गोल चालत गेली आणि जिथे रेघ थांबली होती तिथे, दाराच्या अलीकडे, येऊन थांबली. परत फिरली, पुन्हा तिथेच थांबली. दादा तिच्याकडे टक लावून पाहत होते. त्यांनी डावा हात वर केला आणि हवेतच दोनदा दोरी ओढल्यासारखं केलं.

ताई टोपलीकडे धावली. घंटा काढली. टिंग टिंग.

"च... चला!" दादा म्हणाले.

शेजारी वहिनींनी माझं मनगट असं आवळलं की वळ उठले. आत दादा काठी टेकत उभे राहिले. ताईने घंटा वाजवली, आणि ते खोलीला पूर्ण वळसा घालून, फटीतून सरळ दार ढकलत आमच्यासमोर आले. वहिनींकडे पाहून पुन्हा म्हणाले, "चला!" आणि हसले. वहिनी हसत होत्या की रडत होत्या, कुणास ठाऊक. माझंही तेच चाललं होतं.

"रोज डेपोत असाच वळसा घ्यायचे," वहिनी डोळे पुसत म्हणाल्या. "वळसा घेऊन फाटकातून बाहेर."

ताईने कपाळावर हात मारला. "आणि मी त्यांचं फाटकच लावून टाकलं होतं की हो!"

दादा खदखदून हसले. मॅडम मागे दारात उभ्या होत्या. पास झालात, असं त्या म्हणाल्या, पण ते ऐकायला ताई होती कुठे? ती दादांच्या मागे घंटा वाजवत बोळातून निघाली होती आणि केंद्रातली सगळी दारं एकेक करून उघडत होती.

घरी आलो तर ही बातमी आमच्या आधी पोचलेली. चिमणी दारात उभी, हात पाठीमागे. बराच वेळ आत्याला निरखून तिने कागद पुढे केला. घोडा होता. पाच पायांचा.

ताई जवळच्या खुर्चीवर बसली आणि तिने दोन्ही हात मांड्यांखाली घातले. चित्र नीट पाहिलं. मग पदर खोचला, चिमणीचा हात धरला आणि दोघी दणादणा टापा आपटत बैठकीच्या खोलीत दौडू लागल्या. चिमणी किंचाळत होती, फुलदाणी पडली, कुणी उचलली नाही.

"अरे, उभा काय राहिलास?" ताई धापा टाकत माझ्यावर ओरडली. "आमचे चारच झाले. एका पायावर ये! पाचवा तू!"