राउंडमामांची टेबलावरची बस

गाडीला एक फेरी मारल्याशिवाय राउंडमामा कधी तिच्यावर चढले नाहीत. तंजावूर ते कुंभकोणम, मध्ये पापनाशम, अशी खाजगी बस त्यांनी तीस वर्षं चालवली. प्रत्येक खेपेला सुटण्याआधी हातात काठी घेऊन एकेका टायरवर टकटक करत, दिव्यांना, आरशांना हात लावत ते बसभोवती फिरायचे. कंडक्टर शिट्टी मारून दमायचा. मुहूर्त गाठायला निघालेली वऱ्हाडी मंडळी खिडकीतून तमिळमध्ये त्यांचा उद्धार करायची. मामा ऐकून न ऐकल्यासारखं करायचे आणि फेरी पुरी करूनच वर चढायचे. त्यांना खऱ्या नावाने हाक मारलेली मी कधी ऐकली नाही. स्टँडवरच्या लोकांनी त्यांना 'राउंड' म्हणायला सुरुवात केली, आम्ही गल्लीतल्यांनी त्यापुढे 'मामा' जोडलं.

माझे ते सख्खे मामा नव्हेत. तंजावूरच्या राजवाड्यामागच्या आमच्या मराठी गल्लीत दोन घरं सोडून राहायचे. माझे वडील भांड्यांच्या दुकानात कामाला आणि घरात दहावीच्या पुढे कोणी गेलेलं नव्हतं. मी कॉम्प्युटर विषय घेऊन पदवी पास झालो तेव्हा आईने सर्टिफिकेटला फ्रेम करून ते देवांच्या तसबिरींच्या रांगेत लावलं. ते अजून तिथेच आहे आणि त्याचा मला अभिमान आहे, हे मी स्पष्टच सांगतो. मामांनी त्या दिवसापासून माझं नाव 'डिग्री' ठेवलं. "काय रे डिग्री, जेवलास कां?" असं गल्लीच्या तोंडापासून ओरडायचे. त्यात चेष्टा होती, पण आपल्या गल्लीत एक डिग्री आहे हे चार लोकांना ऐकू जावं, असाही तो आवाज असायचा.

मग साखरेने त्यांचा घात केला. उजव्या पायाची जखम भरेना, आणि शेवटी गुडघ्याखाली पाय काढावा लागला. ज्या पायाने तीस वर्षं ब्रेक मारला तोच गेला. घरी आल्यावर मामांनी खाट भिंतीकडे वळवून घेतली आणि बोलणं सोडलं. आस्पत्रीतून कृत्रिम पाय बसवायला या म्हणून दोनदा निरोप आला. दुसऱ्या वेळी ते एवढंच म्हणाले, "पाय देतील. लायसन्स देतील कां?" मामी मला दारात गाठून सांगायची, जेवण देते तर जेवतात, नाही दिलं तर मागत नाहीत. माणूस असा किती दिवस राहील रे?

एके दिवशी मी त्यांच्या खाटेशी बसून फोनवर कुणीतरी बस चालवण्याचा गेम खेळतानाचा व्हिडिओ बघत होतो. मामांचं लक्ष आहे असं मला वाटलं नव्हतं. पाच मिनिटांनी भिंतीकडून आवाज आला, "आरसा न बघतां वळवली त्यानें." कित्येक आठवड्यांत आपणहून बोललेलं ते पहिलं वाक्य. मामी स्वयंपाकघरातून ओल्या हातांनी बाहेर आली. मी तेव्हाच ठरवलं, हा गेम मामांसमोर चालू करायचा.

माझ्याकडे कॉम्प्युटर होता, पण कसला. गल्लीच्या टोकाला एक ट्यूशन क्लास बंद पडला, तेव्हा त्यांचा जुना, कंपनीने तयार करून विकलेला डबा मी सायकलच्या कॅरिअरला बांधून आणला होता. टायपिंग आणि हिशेबापलीकडे त्याने आयुष्यात काही केलेलं नव्हतं. त्यावर गेम लावला तर बस चालायची नाही, एकामागून एक फोटो दाखवल्यासारखी उड्या मारायची. नवा घ्यायची ऐपत नव्हती. शिकवण्या घेऊन मी थोडे साठवले होते, त्यात जुनाच सुधारायचा आणि तोही एकदाच. दुसऱ्यांदा चुकायला पैसे नव्हते.

त्रिचीच्या एका दुकानदाराकडे वापरलेलं ग्राफिक्स कार्ड होतं, दोन पंख्यांचं, दांडगं. त्याचा फोटो मी मोठ्या तोऱ्यात मामांना दाखवला. त्यांनी उठून बसायला हात मागितला, फोटो बघितला आणि विचारलं, "इंजिन मोठें आहे. चासी कितीची?"

मी म्हटलं, मामा, कॉम्प्युटरला चासी नसते.

"ज्याच्यावर वजन ठेवतात तें सगळें चासी," मामा म्हणाले. "आम्ही नवी गाडी बांधायला द्यायचों, तेव्हां पहिले चासी बघोन मग बॉडी सांगायचों. तूं उघडोन बघितलास कां?"

मी उघडून बघितलेला नव्हता. डिग्री होती ना. घरी जाऊन गुपचूप बाजूचा पत्रा काढला. आत इतकी धूळ, की गल्लीतल्या चित्रं काढणाऱ्या काकांकडून रुंद ब्रश मागून आणावा लागला. धूळ गेल्यावर वीजपुरवठ्याच्या पेटीवरचं लेबल वाचता आलं. ती एवढीशी होती, आणि दांडग्या कार्डाला जी वेगळी वायर लागते ती तिच्यात नव्हतीच. पेटी बदलावी तर कंपनीने प्लग आपल्याच पद्धतीचा ठेवलेला, बाजारातली पेटी त्याला लागणार नाही. वर कार्ड इतकं लांब, की हार्ड डिस्कच्या खणावर आदळलं असतं. मी ते घेतलं असतं तर सगळी पुंजी टेबलावर शोभेला ठेवावी लागली असती. मामांना जाऊन खरं काय ते सांगितलं. ते हसले नाहीत. "माप घेतलेंस, आतां घे," एवढंच म्हणाले.

मग आम्ही मापात घेतलं. बोर्डावरच्या खाचेतूनच वीज घेईल असं लहान, एका पंख्याचं कार्ड. जुन्या जातीची आठ जीबी रॅम. आणि एक छोटी एसएसडी, म्हणजे गेम उघडेपर्यंत मामीचं सांबार शिजून व्हायला नको. पायाखालचे पेडल असलेलं वापरलेलं स्टिअरिंग मला एका मित्राने स्वस्तात दिलं. आता 'आम्ही' म्हणतोय, कारण तोवर खाट भिंतीपासून सुटली होती आणि डबा माझ्या घरून तिच्या शेजारच्या टेबलावर आला होता. मामा रोज विचारायचे, आज काय आलें.

कार्ड त्रिचीहून आलं तो शुक्रवार होता. मामांनी कॅलेंडर बघून राहुकाळ संपेपर्यंत थांबायला लावलं. तेवढ्यात मी घरी जेवून आलो, आणि आल्यावर कार्ड त्यांच्या मांडीवरून उचलून खाचेत दाबून बसवलं. बटण दाबलं. पंखा फिरला. स्क्रीन काळाच. रॅम काढली, घातली. वायरी बदलल्या. काळाच. मी तिथूनच दुकानदाराला फोन लावला आणि मेलेलं कार्ड गळ्यात मारलंस म्हणून नको नको ते बोललो.

मामा हळूच म्हणाले, "एकदां काढोन बघ रे."

मी त्यांच्यावर खेकसलो. म्हटलं, मामा, हे बसचे नटबोल्ट नव्हेत, ह्यातलं तुम्हाला काही कळत नाही.

ते हात टेकत खाटेवर आडवे झाले आणि तोंड भिंतीकडे केलं.

दोन दिवस मी त्या घरात पाऊल टाकलं नाही. तिसऱ्या दिवशी मामी आली. मला काही बोलली नाही, आईशीच बोलली, पण मला ऐकू जाईल अशी. परत तसेच निजले आहेत म्हणाली. सकाळची इडली तशीच आहे. मी उठलो. कार्ड परत पाठवायचं तर काढायला हवं होतं, तेवढं निमित्त धरून गेलो. मामांनी मान वळवली नाही. मी कार्ड खाचेतून ओढलं, गुंडाळण्यासाठी उलटं केलं आणि थांबलो. त्याच्या खालच्या कडेला जे सोनेरी दात असतात, ज्यांतून सगळा कारभार चालतो, त्यांच्यावर चंदनाचा वाळलेला टिळा होता. मधोमध कुंकू.

आमच्याकडे नवी वस्तू घरात आली, की चंदन-कुंकू लागतं. स्कूटर असो की मिक्सर. मामांनी तर तीस वर्षं दर नवरात्रात आयुधपूजेला बसच्या कपाळी ते लावलेलं. मी जेवायला गेलो तेव्हा त्यांनी कार्ड मांडीवर घेऊन निरखलं असणार, आणि त्यातली सगळ्यांत चांगली, सोन्यासारखी दिसणारी जागा टिळ्यासाठी निवडली असणार.

सांगावं की नाही, मला कळेना. रबराने पुसून गप्प राहणं सोपं होतं. पण सांगितलं नाही तर मामा जन्मभर समजले असते, की त्यांना कळत नाही म्हणून मी त्यांना गप्प केलं, आणि ते मी बरोबरच केलं. खरं तर काढून बघ असं त्यांनीच सांगितलं होतं. मी कार्ड त्यांच्यापुढे धरलं.

त्यांनी टिळ्यावरून बोट फिरवलं. मग म्हणाले, "जागा चुकली. लावलें तें चुकलें नाही."

मला हसू आलं, मामीला आलं, शेवटी त्यांनाही. मी पेन्सिलीच्या डब्यातलं खोडरबर आणलं. ते त्यांनी माझ्या हातातून घेतलं आणि एकेक दात, एकेक दात करत स्वतः पुसून काढला. कार्ड बसलं. स्क्रीन उजळला. मी उड्या मारणार, तर मामा म्हणाले, पहिले त्रिचीला फोन लाव. त्यांच्यासमोर, स्पीकरवर, मला त्या दुकानदाराची माफी मागावी लागली. तो भला माणूस होता. सगळं ऐकून म्हणाला, टिळा पत्र्यावर लावा सार, पार्टवर नको.

उजवा पाय नव्हता, म्हणून ब्रेक आणि अॅक्सिलरेटर दोन्ही मी डाव्या पायाखाली आणले. जन्मभर क्लच दाबलेल्या पायाने ते नवं काम आठवड्यात शिकून घेतलं. गेममधला देश कुठला तरी परदेश, रस्त्यावर बर्फ. मामा त्या बर्फातही वळणावर हॉर्न द्यायचे, स्टॉपवर शेवटची बाई चढेपर्यंत दार मिटायचे नाहीत, आणि कुणाला ओव्हरटेक करायचे नाहीत. गल्लीतली पोरं चिडायची, मामा, पळवा ना, इथे कोण मरतंय. मामा म्हणायचे, "पळवायची संवय इकडे लागली तर तिकडे जाईल." तिकडे म्हणजे खऱ्या रस्त्यावर, जिथे ते आता बस चालवणार नव्हते.

आणि फेरी तर आलीच. टेबलाभोवती एक चक्कर, प्रत्येक वायरीला हात, मग बटण. पण दोन कुबड्या काखेत धरल्या तर वायरीला लावायला हात उरत नाही. काही दिवस मामी मागून त्यांच्या कमरेला धरून फिरवायची. एका सकाळी तिला म्हणाले, "आस्पत्रीला सांगोन पाठव. तो पाय आणतों. फेरी पुरी होत नाहीं." ज्या पायासाठी डॉक्टर, मुलगी, जावई सगळे विनवून थकले होते, तो पाय मामांनी टेबलाभोवती फिरण्यासाठी घेतला.

मामा जाऊन आता दीड वर्ष होईल. तो डबा मामीकडेच आहे. ती त्यावर मालिका बघते, आणि आयुधपूजेला टिळा लावते, बाहेरच्या पत्र्यावर, डाव्या बाजूला. आज माझ्या ऑफिसात नवं मशीन आलं, की मी आधी त्याच्याभोवती फिरतो, मग आत बघतो, मग बोलतो. लोकांना वाटतं हे मी कॉलेजात शिकलो.

मला कोइमतूरला नोकरी लागली तेव्हा मामा नव्या पायावर, काठी टेकत, स्टँडपर्यंत सोडायला आले. माझी बॅग वर चढली, इंजिन सुरू झालं, आणि बघतो तर मामा खाली बसभोवती निघालेले. टायरवर टकटक. दिव्याला हात. नव्या पायाला वेळ लागत होता. मागून हॉर्न सुरू झाले. ड्रायव्हर तरुण होता, खिडकीतून वाकून त्याने तमिळमध्ये विचारलं, पेरियवरे, म्हणजे आजोबा, काय शोधताय? मामांनी काय सांगितलं ते मला ऐकू आलं नाही. त्याने मात्र इंजिन बंद केलं आणि फेरी पुरी होईपर्यंत थांबून राहिला.

मामा माझ्या खिडकीखाली आले. त्यांना दम लागला होता. वर बघून म्हणाले, "मी बघितलों आहें सगळें. तूं झोप."