टोमॅटोचा गेम आमच्या पोरांना

"आयवर गेलीया पोरगी," अण्णा म्हणाले. "उद्यापास्नं शेडवर धाड तिला."

सगळे हसले. सर हसले. पुढच्या खुर्च्यांवरचे पाहुणे हसले. पंधरा ऑगस्टचं झेंडावंदन नुकतंच झालं होतं, पोरांच्या हातात अजून जिलेबीच्या पुड्या होत्या. शाळेच्या नव्या कॉम्प्युटर खोलीत माझी पल्लवी खुर्चीवर बसली होती. चौथीतली पोरगी, पाय जमिनीला टेकत नव्हते. ती करत होती ते समोरच्या भिंतीवर मोठं दिसत होतं. एक पट्टा सरकत होता आणि त्यावरून टोमॅटो येत होते. लाल टोमॅटो एका कॅरेटमध्ये, हिरवा दुसऱ्या कॅरेटमध्ये, सडका खाली बादलीत. बरोबर टाकला की कॉम्प्युटरमधून टाळ्या वाजायच्या. पल्लवीचा एकही चुकला नाही. चुकेल कसा? रविवारी ती माझ्याबरोबर शेडवर ढिगाशी बसलेली असते.

मी दाराशी उभी. टोमॅटोच्या झाडाचा चीक हाताला बसला की काळा होतो, साबणानं जात नाही. झेंडावंदनाला यायचं म्हणून सकाळी कच्चा टोमॅटो चोळचोळून हात घासले होते, तरी नखांच्या कडा काळ्याच होत्या. ते हात मी पदराखाली घेतले. पल्लवीनं वळून माझ्याकडे बघितलं. लोक हसतायत म्हणजे शाबासकी देतायत, असं तिला वाटलं. म्हणून तीही हसली. तिचं ते हसणं मला अजून झोपू देत नाही.

अण्णा म्हणजे आमच्या शाळा समितीचे अध्यक्ष. गावात त्यांची बागायत, पिंपळवंडीच्या रस्त्याला त्यांची टोमॅटोची शेड. त्या शेडवर मी टोमॅटो निवडायला रोजानं जायचे. माझा नवरा त्यांच्याच ट्रॅक्टरवर. म्हणजे शाळेतही अण्णा, कामावरही अण्णा. आम्ही ठाकर, आमची वस्ती ओढ्याच्या पलीकडे. गाव अलीकडे. गावाचं नाव सांगत नाही, सांगून काय करायचंय? अशी गावं इथं पुष्कळ आहेत.

कॉम्प्युटर खोली लोकवर्गणीतून झाली. ज्यांनी वर्गणी दिली त्यांची नावं पेंटरकडून दाराशेजारच्या भिंतीवर काढून घेतली, निळ्या रंगात, सगळ्यात वर अण्णा. आमच्या वस्तीनं पाया खणला, वाळू चाळली, फरशी उचलून आणली. त्याला श्रमदान म्हणतात. श्रमदानाची नावं भिंतीवर काढायची पद्धत नाही. आणि ज्याचं नाव भिंतीवर, त्याचा शब्द खोलीत. हे कुणी ठरवलं नव्हतं, पण सगळ्यांना ठाऊक होतं.

गेम निवडायची मीटिंग जुलैत झाली. समितीत आमच्या वस्तीतला पालक लागतो, म्हणून मी. माझी जागा दाराजवळच्या बाकावर. इतर सदस्य टेबलाभोवती खुर्च्यांवर. मला तिथं बस असं कुणी सांगत नाही, पण टेबलाशी खुर्चीही मोकळी नसते. गेम आणले होते अण्णांच्या सुनेनं. ती पुण्यात मोठ्या कंपनीत आहे, कॉम्प्युटरचंच काम करते. सगळे तिला मॅडम म्हणतात, मीही म्हणते. वाईट नाही ती बोलायला. हसून बोलते, नमस्कार करते.

लॅपटॉपचं तोंड अण्णांकडे होतं. मला नुसती त्याची पाठ दिसायची. पण टेबलामागं काचेचं कपाट होतं आणि त्या काचेत पडदा दिसत होता, उलटा. मी काचेत बघत बसले. एक गेम आकड्यांचा होता, एक नकाशाचा, एक इंग्रजी शब्दांचा. मग एक आला. दोन काठ, मधे पाणी. पोरानं फळ्या आणि दोऱ्या जोडून पूल बांधायचा. बांधून झाला की त्यावरून ट्रक जातो. पूल कच्चा असेल तर ट्रक पाण्यात. मग परत बांधायचा.

मी बाकावरून उठून उभीच राहिले. आमच्या ओढ्यावर पूल नाही. पावसाळ्यात ओंडके टाकतो, ते वाहून गेले की पोरं घरी. सर हजेरीत गैरहजर लिहितात आणि आम्हाला म्हणतात, तुम्हाला शिक्षणाची आवड नाही. पल्लवी दरवर्षी ओढ्यात दगड रचत असते, वर काठ्या टाकून बघत असते. हा माझ्या पोरीचाच गेम आहे, असं वाटलं.

मी बोलले. "त्यो पुलाचा गेम आमच्या पोरास्नी बी मिळंल ना?"

सगळ्यांनी मागं वळून बघितलं. मॅडम हसून म्हणाल्या, "ताई, तो जरा अवघड आहे. लहान गटाला आपण ओळखीचं काहीतरी देऊ. ओळखीचं असलं की मुलं रमतात."

लहान गट म्हणजे काय ते मी विचारलं नाही. वाटलं पहिली-दुसरीतली पोरं. अण्णांनी लॅपटॉपवरून मान वर न करता हात हलवला. "बघू की. तू चहाचं बघ जरा." मी चहाचं बघितलं. माझ्यासाठी कप नव्हता तिथं, कागदी ग्लास होता. ते तर नेहमीचंच.

गट कळले पंधरा ऑगस्टनंतर. दोन गट. एकाचं नाव भरारी, एकाचं कळी. इयत्तेप्रमाणे नाहीत. भरारीत गावातली पोरं, अण्णांचा नातू, गावातल्या लेकाचा, त्यांच्यात. कळीत आमची वस्ती, सगळीच्या सगळी, सातवीतली पोरंसुद्धा. भरारीला पूल, नकाशा, आकडे, इंग्रजी. कळीला टोमॅटो. आणि हात कसे धुवायचे त्याचा एक गेम. सातवीतला पोऱ्या, मिसरूड फुटलेला, पडद्यावर साबण फिरवतोय. तुम्ही बघितलं असतं तर काय केलं असतं मला ठाऊक नाही. मला तर घरात बसवेना. भाकरी थापताना तव्यावरची करपायची. उठायचे, अंगणात जायचे, परत यायचे.

ओळखीचं. हे मी आधी ऐकलंय, फक्त दुसऱ्या शब्दात. माझं माहेर शिनोलीच्या वर, डोंगरात. मी आश्रमशाळेत होते, घरापासून लांब. सकाळच्या अभ्यासाच्या तासाला आमचे एक शिक्षक मला उठवायचे आणि त्यांच्या घरचं पाणी भरायला लावायचे. रोज मलाच का, असं मी एकदा विचारलं. ते म्हणाले, "तुला सवय आहे ना." किती प्रेमानं म्हणाले. जणू कौतुकच करत होते. दहावीत मी गणितात गेले. पाणी भरायची परीक्षा असती तर पहिली आले असते.

मी माझ्या पोरीला त्या सवयीतून बाहेर काढायला शाळेत घातलं. दुसरं कारण नाही. आणि शाळेनं वर्गणी काढून, खोली बांधून, वीज घेऊन, पुण्याहून गेम आणून तिला काय शिकवलं, तर टोमॅटो.

एक दिवस पल्लवी दप्तर टाकून म्हणाली, "आये, उद्यापास्नं मी तुझ्यासंगं येते. शाळंत बी टोमॅटोच निवडायचं हाये. शेडवर तरी पैसं मिळत्यात."

चेष्टा नव्हती करत. तिनं हिशेब मांडला होता आणि तो बरोबर होता. मी तिला मारायला हात उचलला. मग तो हात तसाच राहिला, कारण मारायचं तर कुणाला मारायचं? पोरीला? ती तर जे दिसलं ते बोलली. माझ्या हाताला दुसरीकडे जायला पाहिजे होतं. त्या क्षणी मला इतका राग आला की कानात गरम झालं, आणि त्या रागानं मला बरं वाटलं. इतकी वर्षं मला नुसतीच लाज वाटत होती. लाज वाटायचं काम माझं नव्हतंच.

सप्टेंबरच्या मीटिंगला मी शेडवरून तशीच गेले, हात न धुता. बाकावर बसले नाही. टेबलाशी जाऊन उभी राहिले. सर म्हणाले, "ताई, बसा ना." मी म्हटलं, "बसायला आले न्हाई." मॅडम फोनवर होत्या, व्हिडिओत, फोन पाण्याच्या बाटलीला टेकवून ठेवलेला.

मी म्हणाले, "टोमॅटोचा गेम लई चांगला हाये."

अण्णांना बरं वाटलं. "बघ, म्हणलं न्हवतं?"

"व्हय. त्यानं पोरांची नजर तयार व्हती, हात चालतो, असं झेंडावंदनाला सर बी म्हणालं व्हतं. मंग आता एक म्हैना भरारीच्या पोरास्नी टोमॅटो द्या आणि आमच्या पोरास्नी पूल द्या. चांगला गेम हाये, तर समद्यांनी खेळावा."

"आमच्या पोरांनी टोमॅटो कशाला निवडायचं?" अण्णा म्हणाले.

विचार करायला क्षणभरही घेतला नाही त्यांनी. आणि बोलून झाल्यावर त्यांना काही जाणवलंही नाही. पण सरांनी मान खाली घातली. फोनमधल्या मॅडमचं हसणं थांबलं. टेबलावर कुणी कपाला हात लावेना.

मग मीच बोलले. "ह्योच सवाल माझा हाये, अण्णा. आमच्या पोरांनी कशाला निवडायचं?"

अण्णा उठले. खुर्ची मागं सरकली. "तुझ्या पोरीला खुर्चीवर बसवली, कॉम्प्युटर दावला, त्याचं ह्ये फळ काय?"

मी म्हटलं, "त्या खोलीची फरशी माझ्या डोक्यावरून आलीया. पोरगी तिच्या आयच्या फरशीवर बसलीया."

"उद्यापास्नं शेडवर येऊ नगंस."

"न्हाई येत."

एवढंच झालं. कुणी टाळ्या वाजवल्या नाहीत, कुणी माझ्या मागून उठलं नाही. बाहेर आले. भिंतीवरच्या निळ्या नावांवर मी हात टेकला. काळं बोट उठलं नाही त्यावर, ऑइल पेंट होता.

घरी नवरा म्हणाला, "जरा दमानं घ्यायचं व्हतं." त्याचं काम अण्णांनी काढलं नाही. ट्रॅक्टर चालवायला माणूस लागतो, हंगाम चालू आहे. मी आता निमगाव साव्याकडे जाते कामाला, पिकअपमध्ये उभी राहून, अंधारात निघते. पैसे तेवढेच, वेळ दुप्पट. वस्तीतल्या दोन बाया माझ्याशी बोलायच्या बंद झाल्या, त्या अण्णांच्या शेडवर आहेत. त्यांचा राग मला येत नाही. भीती काय असते ते मला शिकवायला नको.

कॉम्प्युटर खोलीला तेव्हापासून कुलूप आहे. सर म्हणतात, मशीन बिघडलंय, दुरुस्तीला माणूस येणार आहे. भरारीची पोरं शनिवारी शाळा सुटल्यावर आत असतात, पल्लवीनं खिडकीतून बघितलंय. मॅडमचा एकदा फोन आला. म्हणाल्या, "ताई, माझा हेतू वाईट नव्हता." मी म्हणाले, "ठावं हाये मला." आणि ठाऊक आहेच. हेतू चांगला होता, म्हणून तर त्यांना एवढे दिवस काही दिसलं नाही. त्या म्हणाल्या, सगळ्यांना सगळे गेम देऊ, मी अण्णांशी बोलते. बोलल्या की नाही माहीत नाही. मी त्यांच्यासाठी थांबलेली नाही.

पल्लवी शाळेत जाते. जायचंच, असं मी तिला सांगितलंय. कामावर यायचं नाही, रविवारीसुद्धा नाही. रविवारी ती ओढ्यावर असते. दगड लावते, काठ्या टाकते, वर विटेचा तुकडा ठेवून बघते. परवा तिचा पूल पडला तेव्हा मी काठावर होते. ती म्हणाली, "मधी टेकू पायजे." तिला माझ्याकडून काही नको होतं, फक्त अजून एक जाड काठी हवी होती.

पुढची मीटिंग दिवाळीनंतर आहे. निरोप मला आलेला नाही, येणारही नाही. मी जाणार आहे. कामाचा दिवस बुडवून जाणार, आणि वस्तीतली जी येईल तिला घेऊन जाणार. कुणी नाही आलं तरी जाणार. दाराजवळचा बाक मी बघणारसुद्धा नाही. टेबलाशी खुर्ची नसेल तर वर्गातून ओढत आणीन. काचेत उलटं बघायचं माझं संपलं. लॅपटॉपचं तोंड माझ्याकडे फिरवायला लावणार, एकेक गेम चालू करून बघणार, आणि प्रत्येक गेमला अण्णांना एकच विचारणार, सगळ्यांच्या समोर, ते उत्तर देईपर्यंत: ह्यो गेम तुमच्या नातवाला देणार का? त्याला नको असेल, तर माझ्या पोरीलाही नको.