वऱ्हाडातली जहाजाची घंटा

अकोला स्टेशनवर उतरले तेव्हा पिशवीत भेटीदाखल आमसुलं होती आणि डोक्यात नव्वदीच्या बाबांचा प्रश्न: "माझे आजोबा खरं बोलत होते, की नुसत्या फुशारक्या?"

माझे पणजोबा आगवाले (जहाजाच्या बॉयलरला कोळसा घालणारे). व्हिक्टोरिया राणीच्या आरमारातलं त्यांचं लढाऊ जहाज म्हणजे अजब प्रकरण. वर तीन डोलकाठ्या, पोटात वाफेचं इंजिन. वारा मिळाला की धुराडं खाली सरकवायचं, जहाज ढकलणारा पंखा पाण्याबाहेर उचलायचा आणि शिडं सोडायची. वारा पडला की पणजोबांची धावपळ. आफ्रिकेच्या किनाऱ्याला गुलामांची गलबतं पकडण्यात जहाजाची उमेदीची वर्षं गेली. म्हातारपणी ते मुंबई बंदरात कोळशाचं कोठार होऊन पडलं आणि शेवटी भंगारात निघालं. त्याची घंटा वऱ्हाडात बार्शीटाकळीजवळच्या एका कापसाच्या जिनिंगवाल्याने विकत घेतली आणि बॉयलर सांभाळायला पणजोबांनाही नेलं, असं ते सांगत. आमच्या कोकणातल्या आळीत अजून यावर हसतात.

बार्शीटाकळीच्या वाटेवर रिक्षावालाही हसला. "नळाले पाणी आठ दिवसांनी येते, अन् तुमी इथं जहाज पाहून राहिल्या?"

जिनिंगच्या जागी बाभळी माजलेल्या. कारखाना बंद पडला तेव्हा घंटा कामगारांनी आपल्या गावच्या बुद्धविहारात नेली, असं समोरच्या चहावाल्याने सांगितलं. रिक्षा तिकडे वळवली.

विहार सांभाळणाऱ्या शेवंताबाईंनी आधी जेवायला बसवलं. भाकरी आणि पातोडीचा रस्सा (बेसनाच्या वड्यांची झणझणीत आमटी). मला उचक्या लागल्या, त्यांना हसू आवरेना.

मग घंटा पाहिली. पितळ नुसतं लखलखत होतं. जहाजाचं नाव मात्र कुठेच नाही.

"इथे अक्षरं होती का हो?"

"होती ना, विंग्रजी. पन दर बुद्धपौर्णिमेले आमी चिंच अन् राख लावून घासतो. माह्या सासूनं घासली, आता मी घासून राहिली."

मला रडूच यायचं बाकी होतं. एवढ्या लांब यावं आणि पुरावा चिंचेने खाल्लेला असावा!

"कावून, बाई? चुकलं का आमचं?"

"नाही हो," मी म्हटलं. दुसरं काय म्हणणार?

संध्याकाळी वंदनेच्या आधी शेवंताबाईंनी दोरी धरली. दोन ठोके. थांबल्या. पुन्हा दोन. अशा चार जोड्या.

"आठच का?" मी विचारलं.

"अष्टांगिक मार्ग. आठ."

"मग दोन-दोन का?"

"ते मले नाई माहीत. जिनिंगात पाळी सुटली की असेच ठोके देत, सासरा सांगे. लई पहिले कोनी बॉयलरवाला होता म्हने, त्यानं शिकवलं."

मी पायरीवर बसलेच. जहाजावर चार तासांची पाळी संपली की आठ ठोके देतात, असेच जोडीजोडीने. पणजोबांचा हा सगळ्यात आवडता किस्सा; लहानग्या बाबांना ते ठोके बोटांनी वाजवूनही दाखवत. शेवंताबाईंना सगळं सांगितलं आणि पुन्हा ठोके द्यायला लावून मोबाईलवर घेतले.

निघताना आमसुलं त्यांच्या हातात ठेवली. त्यांनी वास घेतला, चव पाहिली. "आंबट हाये. याच्यानंबी पितळ लख्ख निघन."

"छान निघेल," मी म्हटलं, आणि मनापासून म्हटलं.

घरी आल्यावर मोबाईल बाबांच्या कानाशी धरला. पहिल्या जोडीला ते नुसते बघत राहिले. दुसऱ्या जोडीपासून त्यांची बोटं पलंगाच्या कडेवर ठोके देऊ लागली, आणि चौथ्या जोडीला नेमकी थांबली.

"आवाज वाढव," ते म्हणाले, "आणि ती खिडकी उघड. आळीला ऐकू दे."