मिलिंदनं सांभाळलेली पानं

मिलिंदच्या अक्काचा फोन आला तेव्हा मी मन्नाएखेळ्ळी गावच्या बसस्टँडवर चहा पीत होतो. "अण्णा, मिलिंद गेला..." एवढंच बोलली. कावीळ झालीय, दवाखान्यात ठेवलंय हे ठाऊक होतं. पण ऐन तिशीतला माणूस काविळीनं जाईल असं मनातही आलं नव्हतं. काही आठवडे उलटले, तरी अजून मला रडू येण्याआधी त्याचा रागच येतो.

गुलबर्ग्यात स्टेशनजवळ माझं इंटरनेटचं दुकान आहे. खजुरी गावचा मिलिंद इथल्या एका क्लासमध्ये कॉम्प्युटर शिकवायचा आणि दुपारी माझ्याकडे येऊन बसायचा. नेटवर गप्पा मारायचा एक प्रोग्रॅम होता. कुणाच्या मालकीचा नाही, कुणीही फुकट घ्यावा, कुणीही सुधारावा असा. देशोदेशीची हौशी मंडळी तो चालवायची. खातं कसं उघडायचं, निरोप कसा पाठवायचा, हे सांगणारी त्यातली मराठी मदतीची पानं एकटा मिलिंद लिहायचा. पगार शून्य. मी चिडवायचो, "अरे, कन्नड मुलखात बसून तुझी मराठी पानं वाचणार कोण?" तो शांतपणे म्हणायचा, "आमची अक्का वाचती की."

थट्टा नव्हती ती. अक्का त्याची थोरली बहीण, गावच्या मराठी शाळेत चौथीपर्यंत शिकलेली. तिचा मुलगा मस्कतला कामाला गेला होता. नवं पान लिहिलं की मिलिंद आधी तिला माझ्या दुकानात आणून बसवायचा. ती एकेक अक्षर लावत वाचायची, त्याबरहुकूम माउस हलवायची, आणि हा मागे हाताची घडी घालून उभा. अडली तरी तोंड उघडायचा नाही. ती वैतागायची, "कामून गप बसलास रे? सांग की!"

"मीच सांगितलं तर पान कशाला पायजे, अक्का?"

ती अडली की पान नापास. घरी जाऊन पुन्हा लिहायचा. मला हा निव्वळ छळवाद वाटायचा, पण अक्का एक दिवस कुणाला न विचारता नेटवरून मुलाशी बोलली, तेव्हा मीच सगळ्या दुकानाला चहा पाजला.

जाच वेगळाच होता. प्रोग्रॅम सारखा बदलायचा. तिकडे कुणी एक बटण हलवलं की इकडे याची पानं खोटी पडायची, आणि हा पुन्हा पहिल्यापासून बसायचा. बरोबरीचे पुण्या-हैदराबादला गेले. दोघांनी मदतीचं कबूल केलं आणि गप्प झाले. दवाखान्यात, डोळे पिवळेजर्द झालेले असताना मला म्हणाला, "नवं व्हर्जन यायलंय अण्णा. पानं तेवढी बघा कुणीतरी." मला दुकान चालवता येतं, ती पानं नाही. प्रोग्रॅम चालवणाऱ्या मंडळींना मेल टाकले, इथल्या पोरांना विचारलं... कुणीच पुढे आलं नाही.

मागच्या आठवड्यात अक्का आली. मामा कसा गेला ते मुलाला नीट सांगायचं होतं. दुकानात नवं व्हर्जन आलेलं, त्यात पानं मात्र मिलिंदनं लिहिलेली जुनीच. तिनं पान उघडलं, बोट लावून वाचलं, 'उजव्या हाताला खाली हिरवं बटण दिसेल.' खाली काहीच नव्हतं. बटण आता वर डावीकडे गेलंय. ती शोधत राहिली. मी दाखवायला पुढे झालो, तर तिनं माझा हात बाजूला सारला.

"थांब अण्णा. त्यानं लिवलंय म्हंजी आसंलच इथं. मलाच दिसंना गेलंय."